अप्पांच्या कपाळावरचं काजळ

"अंकल, ऐसे नहीं चलेगा. थोडा काला लगाना पडेगा."

कॅमेरावाला हे माझ्या वडिलांना म्हणाला. आमच्याच घरात. भाईंदर पूर्वेच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये, आमच्याच पंख्याखाली उभं राहून.

अप्पा खुर्चीवर बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट. जयंतीला आणि विहारात वंदनेला जाताना घालतात तो जोड. आईने धुऊन दिला होता, इस्त्री मात्र त्यांनी स्वतः केली होती. कॉलरवर दोनदा. दाढी गुळगुळीत. केसांना तेल. लेकीच्या शिक्षणाचे लोक घरी यायचे होते ना.

त्यांना नीट कळलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणायलेत गं?"

मग मॅडमनी समजावलं. मी ज्या बूटकॅम्पमध्ये, म्हणजे काही महिन्यांच्या कोर्सला, डेटा सायन्स शिकत होते, तिथे या मॅडम विद्यार्थ्यांचे व्हिडिओ करायच्या. त्यांना त्या 'स्टोरी' म्हणायच्या. बाई मराठीच. पार्ल्याकडचं स्वच्छ, धुतलेलं मराठी.

"काका, कसंय ना, तुम्ही इतकी वर्षं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश केलंत. ती मेहनत दिसायला हवी ना? या शर्टात तुम्ही अगदी रिटायर्ड हेडमास्तर दिसताय!"

त्या हसल्या. कॅमेरावाला हसला. अप्पाही हसले. हेडमास्तर म्हणाल्या म्हणून त्यांना बरंच वाटलं.

"बनियनवर बसा ना. आणि चेहऱ्याला थोडं काळं. कामावर असायचात तसं."

मग कॅमेरावाल्याची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. नाव सांगायची गरज नाही. आमच्या लोकांनी भाड्याची खोली जरी घेतली, तरी पहिला खिळा त्या फोटोसाठी ठोकतात. "मॅम, ये फ्रेम में आ रहा है," तो म्हणाला. मॅडम माझ्या कानाशी आल्या. "तेवढा फोटो काढूया का? मला पर्सनली काहीच नाही हं. पण कंपन्यांचे लोक बघणार. उगीच पोलिटिकल वाटतं."

मी काढला.

स्टुलावर चढून, मी. या हातांनी. खाली उतरून आईकडे दिला. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. पदराने काच पुसली आणि फोटो छातीशी धरून ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. शूटिंग संपेपर्यंत ती तशीच होती. ओट्यावर जागा होती. तिने ठेवला नाही.

आता काळं कुठून आणायचं? घरात चूल नाही, काजळी नाही. मॅडम इकडेतिकडे बघत होत्या. तेव्हा मी माझी पर्स उघडली. इंटरव्ह्यूला जाताना डोळ्यांत घालायला घेतलेलं काजळ होतं. ते तळहातावर घासलं, बोटावर घेतलं आणि अप्पांच्या गालाला लावलं.

कुणी मला लाव म्हटलं नव्हतं. हे लिहून ठेवते. मॅडमनी फक्त काळं मागितलं होतं. काजळ माझं आणि बोटही माझं.

अप्पांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता ढकलतील. त्यांनी ते हळूच वर नेलं.

"इथं न्हाई गं. तोंडावर फडकं असतंय, गालाला कसं लागंल? कपाळाला बसतंय. अन् डोळ्याच्या कडंला."

मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी त्यांना काळं कधी बघितलंच नव्हतं.

हे आता सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अप्पा मराठवाड्यातून आले ते थेट इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला. गरगर फिरणाऱ्या चाकावर डबा, परात, टोप धरायचा, चकाकेपर्यंत. चाकावरून काळी भुकटी उडते. संध्याकाळपर्यंत माणूस ओळखू येईनासा होतो. बाकीचे तसेच घरी जायचे, रस्त्याने, रिक्षाने. अप्पा नाही. पिशवीत दुसरा शर्ट असायचाच. गाळ्याच्या मागच्या नळावर अंग घासून, कानाच्या पाळ्या, नखं, मानेच्या घड्या, सगळं साफ करून, भांग पाडून मगच ते घराकडे वळायचे. थंडीतसुद्धा. ताप असला तरी. सुटायची वेळ आणि घरी यायची वेळ यात मोठं अंतर असायचं. लहानपणी मला वाटायचं, गाळा फार लांब आहे. मोठी झाल्यावर कळलं, चालत दहा मिनिटांवर आहे.

हे त्यांच्याकडे माझ्या आज्याकडून आलं होतं. आज्याने गावात मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावाने त्याला खूप छळलं. तो एवढंच शिकला होता आणि एवढंच शिकवून गेला: उपाशी रहा, पण घरच्यांपुढे आणि गावापुढे स्वच्छ उभा रहा. निळ्या कोटातल्या माणसाचा शब्द होता तो. आमच्या घरात त्याचा अर्थ पुस्तकात नव्हता. नळावर होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, युपीवाले, कोकणातले सगळे. कुणालाच अप्पा नक्की काय करतात हे ठाऊक नव्हतं. "स्टील कंपनीत आहेत," एवढंच. जिन्यात भेटले की लोक "कैसे हो साहब" म्हणायचे. अप्पांच्या आयुष्यातली कमाई म्हणाल तर हा एक 'साहब'. खोकला पण गाळ्यातूनच आला, शेवटी त्यामुळेच काम सुटलं. पण त्यांनी तो पण धूम्रपानावर ढकलला होता. आयुष्यात बिडी ओढली नाही या माणसाने.

आणि मी त्यांना कॅमेऱ्यासमोर बनियनवर बसवलं.

"अंकल, खाँसी आ रही है तो आने दो. रोको मत. नॅचरल लगता है," कॅमेरावाला म्हणाला.

अप्पा खोकले. मग परत खोकले, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नव्हता.

मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसले होते. स्क्रीनवर माझं प्रोजेक्ट होतं. मुद्दाम उघडून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर दाखवायला. मॅडम म्हणाल्या, "स्क्रीनचा ब्राइटनेस कमी कर गं, चेहऱ्यावर ग्लेअर येतोय." मी कमी केला. प्रोजेक्ट काळं झालं. त्याबद्दल एक प्रश्न नाही. सगळे प्रश्न खोकल्याबद्दल.

आता कुणी म्हणेल, एवढं शिकलेली पोरगी, गप्प का बसली?

शिकलेली म्हणूनच बसले. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. त्याचा मला गर्व आहे, आजही. लपवत नाही. पदवी हातात आली तेव्हा वाटलं होतं, झालं, आता कुणापुढे वाकायचं नाही. मग भांड्यांच्याच एका कंपनीच्या ऑफिसात बिलिंगला लागले. अप्पा ज्या लाईनीत खाली होते, त्याच लाईनीत मी एक जिना वर. काचेच्या केबिनमध्ये शेठ, बाहेर मी. बिल फाडा, माल चढवा, परत आलेला माल उतरवा. वर्षं गेली. माझ्या मागून आलेली शेठच्या नात्यातली मुलं मॅनेजर झाली आणि मला म्हणायला लागली, "बेन, जरा चाय बोल दो."

तेव्हा बूटकॅम्पची जाहिरात दिसली. काही महिन्यांत डेटा सायन्स. मागच्या नोंदी कॉम्प्युटरला शिकवायच्या आणि पुढे काय होईल ते त्याच्याकडून ओळखून घ्यायचं, असं ते काम. मला ते पटकन समजलं. मी तेच तर करत होते, बोटांवर. कुठल्या दुकानाकडून माल परत येणार हे मला बिल फाडतानाच कळायचं. नोकरी सोडली. घरी सांगितलं. अप्पा म्हणाले, "शिक. शिकण्याला न्हाई म्हणायचं न्हाई आपल्यात."

बॅचमध्ये बहुतेक इंजिनिअर. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. मी माझ्या इंग्रजीत जेवढं जमेल तेवढं बोलले. मॅडमनी लगेच पर्सनल मेसेज टाकला: "तुझी स्टोरी खूप स्ट्राँग आहे. टचमध्ये राहा." एकदा फोनवर म्हणाल्या, "तुझं बोलणं किती छान आहे गं. वाटत नाही हं अजिबात." काय वाटत नाही, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. असलं वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की उरलेला भाग आपोआप भरला जातो.

कोर्सच्या शेवटी डेमो डे असतो. कंपन्यांचे लोक येतात, प्रत्येकाने आपलं प्रोजेक्ट त्यांना दाखवायचं, त्यातून नोकऱ्या लागतात. मॅडम म्हणाल्या, "तुझा व्हिडिओ करूया. तो असला तर तुला मी सगळ्यात आधी उभी करीन." आधी उभं राहायचं म्हणजे कंपनीवाले ताजेतवाने असतात, जागा रिकाम्या असतात. शेवटी उभं राहणाऱ्याकडे लोक घड्याळ बघत बघतात. मला नोकरी हवी होती. बिलिंगकडे परत जायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले. कारण एवढंच आहे. याहून चांगलं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

शूटिंग झाल्यावर अप्पा मोरीत गेले. काजळ पाण्याने जात नाही. साबणाने पसरतं. ते घासत राहिले, कपाळ लाल झालं. शेवटी आईने खोबरेल तेल दिलं. त्या दिवशी आमच्या घरात भाकरी थापल्याचाच काय तो आवाज.

फोटो आईनेच परत लावला. मी स्टूल धरायला गेले तर म्हणाली, "राहू दे. मला येतंय."

व्हिडिओचा छोटा तुकडा आधीच इंटरनेटवर टाकला गेला. लोकांना उत्सुकता वाटावी म्हणून. खाली बॅचवाल्यांचे हात जोडलेले, रडणारे, टाळ्यांचे इमोजी. ठाण्याचा एक मुलगा होता बरोबर, बाप सीए. त्याचाही व्हिडिओ झाला. कॉफी शॉपमध्ये, खिडकीपाशी. तो त्याच्या प्रोजेक्टबद्दल बोलतो, मागे झाड हलतं. त्याच्या बापाला कुणी कॅल्क्युलेटर हातात धरायला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी जिन्यात तळमजल्यावरच्या बेन भेटल्या. बाई चांगल्या आहेत, दिवाळीला घुघरे, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, पाठवतात. म्हणाल्या, "तुम्हारा वीडियो देखा. मेरे को तो रोना आ गया. पप्पा इतना गंदा काम करते थे? हमको तो पता ही नहीं था. हमेशा टिपटॉप!"

अप्पा माझ्या मागे दोन पायऱ्यांवर होते. भाजी आणायची पिशवी घेऊन.

पुढे स्टेशन रोडला चहाच्या टपरीवर त्यांचा जुना जोडीदार, त्याच चाकावर काम केलेला, लांबूनच ओरडला, "अरे अप्पा! फिर से लग गया क्या काम पे? मेकअप तो एकदम झकास है!"

"हिरो बनाया मेरे को बेटी ने," अप्पा हसून म्हणाले.

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसले. अप्पा हसत होते, मग मी कशाला वाईट वाटून घ्यायचं? मी मनाला तेच सांगितलं. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना चालतंय. संपलं.

मग प्रोजेक्टची शेवटची तपासणी आली. ऑनलाइन. शिकवणारे सर कोरडे माणूस, ना कौतुक ना शिव्या. माझं प्रोजेक्ट असं होतं: कुठल्या दुकानदाराकडून भांडी परत येणार, हे माल पाठवायच्या आधीच ओळखायचं. शेठच्या परवानगीने जुन्या नोंदी आणल्या होत्या, दुकानांची नावं पुसून. ज्याने माल परत केला, तो नाराज. ज्याने केला नाही, तो खूश. यावर माझं मॉडेल, म्हणजे ते ओळखणारा प्रोग्राम, उभं होतं. उत्तरं बरोबर येत होती. मी खूश होते.

सरांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "जो दुकानदार माल वापस नहीं भेजता, बस चुपचाप ऑर्डर बंद कर देता है, वो तुम्हारे मॉडल में कहाँ है?"

मी म्हटलं, "सर, त्याने तक्रार केली नाही, म्हणून तो 'खूश'मध्ये आहे."

"मतलब जो सबसे ज्यादा नाराज है, उसको तुमने खूश लिखा है. ठीक करो."

कॉल संपला. मी लॅपटॉपसमोर बसून राहिले. स्वयंपाकघराच्या दारात अप्पा बसले होते, लसूण सोलत. माझी क्लासची वेळ असली की ते खोकला दाबायचे. तोंडावर टॉवेल धरायचे. आता कॉल संपला हे त्यांना माहीत नव्हतं. टॉवेल अजून तोंडावरच होता.

मला ते दुकानदार माहीत होते. भांडत नाहीत, फोन करत नाहीत. एक दिवस नुसते बंद होतात. बिलिंगच्या टेबलावर मी त्यांची वाट बघितली होती. आणि तरी माझ्या मॉडेलमध्ये त्यांना मी खूश लिहिलं होतं. कारण तसं लिहिणं सोपं होतं. मला सोयीचं होतं.

मी उठून त्यांच्यापाशी जाऊन बसले. लसणाची एक पाकळी उचलली. "अप्पा, त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं का?"

त्यांनी टॉवेल खाली घेतला. कुठला दिवस, हे विचारलं नाही.

"लई उशिरा विचारलंस, बाई."

मग सालं फुंकरीने बाजूला करत म्हणाले, "मला वाटलं, तुझ्या परीक्षेतलं असंल ते. त्याला मार्क असतेत म्हणून. मी आडवं आलो असतो तर तुझे कमी झाले असते."

परीक्षेतलं.

माझ्या बापाला वाटलं, तोंड काळं करून घेण्याला मार्क आहेत. का नाही वाटणार? शाळेने आमच्याकडून जे जे मागितलं ते त्यांनी आजवर दिलंच होतं, का म्हणून विचारलं नव्हतं. जातीचा दाखला मागितला, दिला. बापाचा धंदा विचारला, सांगितला. फोटो मागितला, दिला. यावेळी काळं मागितलं. त्यांनी कपाळ पुढे केलं. जागासुद्धा दाखवली, लेकीचं चुकू नये म्हणून.

"त्याला मार्क नव्हते, अप्पा."

"मग कशाला लावलंस?"

आई ओट्यापाशी पाठमोरी होती. ती वळली आणि म्हणाली, "आता बसून रडू नकोस. काय करायचं ते कर."

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, व्हिडिओ दाखवायचा नाही. टाकलेला तुकडाही काढा.

"अगं, पण किती सुंदर झालाय! लोक रडतायत."

"म्हणूनच काढा."

"हे बघ, इमोशनल होऊ नकोस. सही केलीयस तू. काकांनीही केलीय. आणि तुला माहितीय ना, त्या व्हिडिओवर तुझा पहिला नंबर आहे?"

"शेवटचा द्या."

त्यांचा आवाज बदलला. "आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो, आणि तुम्ही लोक ना..." पुढचं त्यांनी गिळलं. यावेळी उरलेला भाग मी भरला नाही. विचारलं. "आम्ही लोक म्हणजे कोण, मॅडम?"

फोन कट झाला.

डेमो डे अंधेरीच्या एका हॉटेलात होता. गार हॉल, गोल टेबलं, पांढरी कव्हरं. मी शेवटचा नंबर धरून मागे बसले होते. प्रोजेक्ट दुरुस्त केलं होतं. गप्प बसलेले दुकानदार वेगळे काढले होते. एकूण उत्तर आधीपेक्षा कमी बरोबर येत होतं. पण खरं येत होतं.

पहिलंच नाव माझं पुकारलं. दिवे मंद झाले. पडद्यावर अप्पा आले. हातभर मोठं कपाळ. माझ्या बोटाचा ठसा त्यावर दिसत होता, खरोखर दिसत होता, वळणासकट. मागे गाणं वाजत होतं, संथ, पियानोचं. अप्पा खोकले. गोल टेबलावरच्या एका बाईने टिश्यू घेतला.

मी चालत पुढे गेले. पडद्यासमोर उभी राहिले. प्रोजेक्टरचा उजेड माझ्या डोळ्यांत, अप्पांचं कपाळ माझ्या कुडत्यावर.

"व्हिडिओ बंद करा."

कुणी केला नाही. मी माईक घेतला.

"व्हिडिओ बंद करा. हा खोटा आहे. माझे वडील एक दिवससुद्धा काळे घरी आले नाहीत. हे काजळ आहे. ते मी लावलंय. तुम्हाला रडू यावं म्हणून."

हिंदीतही सांगितलं. मग मोडक्या इंग्रजीतही. कुणाला कळलं नाही असं व्हायला नको होतं.

दिवे लागले. मॅडम हसत पुढे आल्या, "स्मॉल टेक्निकल इश्यू..." मी माईक सोडला नाही. म्हटलं, "माझं प्रोजेक्ट भांड्यांच्या परत येणाऱ्या मालावर आहे. ते दाखवते." आणि दाखवलं. एकही पायरी चुकली नाही. टिश्यूवाल्या बाईने फोनमध्ये डोकं घातलं. एका माणसाने प्रश्न विचारला, माझ्या कामाबद्दल. तो खरा प्रश्न होता. त्यातलं अर्धं मला येत होतं, अर्धं येत नाही म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

टाळ्या तुरळक.

त्या माणसाचा फोन आला नाही. कुणाचाच आला नाही. बूटकॅम्पच्या ग्रुपमधून मला काढलं. ठाण्याच्या मुलाला नोकरी लागली. त्याचं काम वाईट नव्हतं, हेही सांगते. मला कुणाची दया नको, तशी मी खोटी तक्रारही करणार नाही.

आज मी घोडबंदर रोडवरच्या एका गोदामात स्टॉक बघते, चेणे गावाच्या अलीकडे. संध्याकाळी शिकते, अर्ज करते. दोन ठिकाणी नापास झाले. त्या नापास होण्यात मला अपमान वाटत नाही. तिथे माझ्या कामाचे मार्क होते.

घरी मी कॉलवर असले की आता दार उघडं असतं. पहिल्याच इंटरव्ह्यूला अप्पांना उबळ आली, तेव्हा समोरचा म्हणाला, "सम डिस्टर्बन्स." मी म्हटलं, माझे वडील आहेत. त्यांना खोकला आहे. पॉलिशच्या कामाने झालाय. थांबेल, मग बोलू. तो थांबला. निळ्या कोटातला फोटो माझ्या डोक्याच्या बरोब्बर मागे येतो. लॅपटॉपची जागा मी मोजूनमापून तशीच ठेवली आहे.

पण अप्पा आता जिन्यात कमी दिसतात. बेनच्या दारावरून जायला नको म्हणून दुपारीच जाऊन येतात, सगळे झोपलेले असतात तेव्हा. कुणी त्यांना साहब म्हणत नाही असं नाही. म्हणतात. पण म्हणायच्या आधी आता अर्धा क्षण थांबतात. तो अर्धा क्षण मी आणला.

पांढरा जोड अप्पांनी त्या दिवसानंतर घातलेला नाही. मागच्या पौर्णिमेला विहारात जाताना चौकडीचा शर्ट घातला.

हॉलमध्ये व्हिडिओ थांबवला, पण इंटरनेटवरचा तुकडा अजून आहे. मी त्यांना लिहिते, ते उत्तर देत नाहीत. परत लिहिते. आता वकिलाकडून नोटीस जाणार आहे. विहारातल्याच एका वकील ताईने ते काम घेतलंय. त्या म्हणाल्या, "वेळ लागेल." मी म्हटलं, लागू दे.

मी अप्पांची अजून माफी मागितलेली नाही. पुष्कळदा तोंडाशी आली. गिळली. आत्ता मागितली तर ते लगेच देतील, त्यांचा स्वभावच तसा आहे. आणि मी मोकळी होईन. त्यांचं काळं कपाळ मात्र जगभर फिरतच राहील. असलं मोकळं होणं मला नको.

तो तुकडा ज्या दिवशी खाली उतरेल, त्या दिवशी मी पांढऱ्या जोडाला इस्त्री करणार. कॉलरवर दोनदा. तो त्यांच्यासमोर ठेवणार आणि मग माफी मागणार.

तोवर माझ्या पर्समध्ये काजळ नाही. आणि माझ्या घरात कॅमेरा येणार नाही.